दोन बादल्या आणि अठरा डबे

मी कन्नड सोडलं त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुमच्यातले जे गावात राहिलेत त्यांना यात काही विशेष वाटणार नाही. जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, ते मात्र बहुतेक हसतील.

नेव्हीत भरती झाल्याचा कागद आला होता. ओडिशातल्या ट्रेनिंग सेंटरला हजर व्हायचं होतं. दुपारच्या एस.टी.नं औरंगाबाद गाठायचं आणि तिथून रेल्वे. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं, आणि माझ्या तोंडून अजूनही कधी हे निघतं, कधी ते. अंगणात अर्धी गल्ली जमली होती. मामूंनी प्रवास सुखरूप व्हावा म्हणून दंडाला इमाम-ए-जामिन बांधला. अम्मीनं डोक्यावर हात ठेवला, तिचे डोळे भरून आले, आता ती गळ्यात पडून रडणार असं दिसत होतं, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "पानी आया! पानी आया!"

अंगण दोन मिनिटांत रिकामं झालं. अम्मीनं पदरानं डोळे पुसले, माझ्या हातातली पेटी काढून घेतली आणि हंडा दिला. म्हणाली, "पैले पानी भर ले. रोना बाद में." मी चार हंडे आणि एक पिंप भरलं. गुडघ्यापर्यंत पँट ओली झाली. एस.टी.ची वेळ झाली तरी अम्मी रांगेतच होती, तिचा नंबर जवळ आला होता, त्यामुळे स्टँडवर एकटे अब्बाच आले. अब्बा कल्हईवाले. बाजाराच्या दिवशी भाता लावून बसायचे. पण तोवर घराघरांत स्टीलची भांडी आली होती आणि त्यांचा भाता बहुतेक वेळ थंडच असायचा. त्यांनी मला आतून नवी कल्हई केलेला पितळी लोटा दिला, तोही भरून. "खाली बर्तन साथ में नक्को रखना," म्हणाले.

अम्मी स्टँडवर आली नाही याचा मला फार राग आला होता. ओली पँट पायाला चिकटलेली, मांडीवर लोटा, आणि मी वेरूळ येईपर्यंत रुसून खिडकीबाहेर बघत होतो.

समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा लोकांना काय काय वाटतं म्हणे. मला वाटलं, एवढं पाणी आणि यातलं एक भांडंही भरून नेता येत नाही! माझ्या बॅचच्या केरळच्या पोरांना हे सांगितलं तर ती पोट धरून हसली.

मला जहाज मिळालं ते वाफेवर चालणारं, आणि काम मिळालं बॉयलरपाशी. स्टोकर म्हणायचे आम्हाला. जहाजाच्या पोटात, जिथं आमच्या मे महिन्यालाही घाम फुटेल अशा उकाड्यात, आम्ही चार-चार तास उभे असायचो. तिथं मला कळलं की जहाज तरंगतं खाऱ्या पाण्यावर, पण चालतं गोड्या पाण्यावर. बॉयलरला गोडंच पाणी लागतं. ते समुद्राच्या पाण्यापासून बनवणारी दोन यंत्रं आमच्याकडे होती. त्यांचं पाणी आधी बॉयलरला, उरलं तर माणसांना. माणसं अडीचशे.

जहाजाचे प्रमुख होते कमांडर ठोंबरे. हे लेखन खरं तर त्यांच्यासाठी आहे.

जहाजप्रमुख म्हटला की तो वर ब्रिजवर, दुर्बीण गळ्यात अडकवून उभा, असं माझ्या डोक्यात होतं. ठोंबरेसाहेब रोज एकदा खाली बॉयलरपाशी यायचे. घामानं शर्ट अंगाला चिकटेपर्यंत थांबायचे, प्रत्येकाशी एखादा शब्द बोलायचे आणि मगच वर जायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला गाव विचारलं. मी हिंदीत सांगितलं, औरंगाबाद जिल्हा, कन्नड तालुका. त्यांनी एकदम मराठीत विचारलं, "कन्नडचा व्हय? मग पाण्याची किंमत तुला सांगाया नको. मी मुकुंदवाडीचा हाय."

त्या उकाड्यात मला रडू आलं. दीड वर्षात पहिल्यांदा कुणी 'व्हय' म्हणालं होतं. त्यांचं घराणं शेतकरी, मुकुंदवाडी अजून गाव असताना स्टेशनापलीकडे त्यांची जमीन होती. चारचौघांत ते अस्सल नेव्हीचं इंग्रजी बोलायचे, पण खाली आमच्यात आले की मला नुसतं 'कन्नड' म्हणायचे. त्यांच्याविषयी जहाजावर बऱ्याच गोष्टी होत्या. साहेब एका मगात दाढी करतात. साहेबांनी आजवर कुणाला सगळ्यांसमोर झापलं नाही, बाजूला नेऊन झापतात, आणि ते जास्त लागतं. कुणाच्या घरून वाईट बातमी आली तर ती साहेब स्वतः सांगतात. यातल्या बऱ्याच गोष्टी मी पुढे डोळ्यांनी पाहिल्या, म्हणून सगळ्याच खऱ्या धरतो.

मग वर उत्तरेत, डोंगरात लढाई पेटली.

तुम्ही टीव्हीवर बर्फ आणि तोफा बघत होतात तेव्हा आम्ही अरबी समुद्रात होतो. आमच्या वाट्याला एकही गोळी आली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आम्हाला समुद्राचा एक तुकडा नेमून दिला होता, आणि काम एवढंच की तिथून हलायचं नाही. समोरच्याला आपण दिसत राहायचं. साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, की वर पोरं प्राण देतायत, आपल्याला फक्त जागा धरून ठेवायचीय, ती सोडायची नाही. मला तो अभिमान अजून आठवतो. रोज बॉयलरचा दाब बघताना वाटायचं, हा काटा खाली येऊ दिला नाही की झालं आपलं युद्ध.

आणि मग गोड्या पाण्याच्या दोन यंत्रांपैकी एक बंद पडलं. सुटा भाग बंदरातच मिळणार होता. साहेबांनी हुकूम काढला, की माणसांचे नळ सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास सुरू राहतील, जेवढं लागेल तेवढंच वापरा. मुख्य इंजिनिअरसाहेबांनी मांडून दाखवलं होतं. असं केलं तर आमची पाळी संपून दुसरं जहाज येईपर्यंत पाणी सहज पुरणार होतं.

आता मला सांगा, कन्नडच्या पोराला 'नळ अर्धा तास येणार' असं सांगितलं तर तो काय करेल?

मी भरलं. पहिल्याच सकाळी बादली भरली, मग बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा, मग दुसरा. हात आपोआप चालत होते, त्यात काही विचार नव्हता. केरळचा एक जण, पंजाबचा एक जण, यांनी जन्मात पाणी साठवलं नव्हतं. त्यांनी विचारलं, हे काय? मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, संध्याकाळी नळ आलाच नाही तर? झालं. दोन दिवसांत आमच्या सगळ्या मेसमध्ये, म्हणजे आमच्या झोपायच्या-जेवायच्या खोलीत, बंकांखाली, लॉकरमागे, जिथं जागा सापडेल तिथं डबे. शेजारच्या मेसनं आमचं बघून सुरू केलं. आणि भरून ठेवलेलं पाणी शिळं झालं म्हणून दुसऱ्या दिवशी ओतून ताजं भरायचं, हीसुद्धा आमच्या गल्लीचीच रीत मी त्यांना शिकवली. गल्लीत ते शिळं पाणी अंगणात, झाडाला जायचं. जहाजावर ते मोरीतून समुद्रात गेलं.

नळ बंद ठेवून पाणी वाचायचं, ते उलट जास्त जाऊ लागलं. टाकीची पातळी उतरत गेली. मुख्य इंजिनिअरसाहेब गळती शोधत सगळं जहाज फिरले. गळती कशी सापडणार, ती आमच्या बंकांखाली डब्यांत बसली होती. शेवटी असा दिवस आला की बॉयलरला द्यायचं की माणसांना प्यायला, एवढंच ठरवायचं राहिलं. पाळी संपायला दोन दिवस बाकी होते. जहाज वळलं. आम्ही जागा सोडली.

त्या दुपारी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. तपासणी होणार अशी आवई उठली, आणि मी घाबरून माझे सगळे डबे मोरीत ओतले. अठरा डबे. मोजून अठरा, कारण रोज मोजायचो. चांगलं, गोडं, प्यायचं पाणी. रांगेसाठी पोराला निरोप द्यायला न आलेल्या बाईच्या पोरानं ते ओतलं. तपासणी झालीच नाही.

संध्याकाळी लाउडस्पीकरवर साहेबांचा आवाज आला. म्हणाले, पाण्याचा अंदाज चुकला, आणि चूक माझी आहे. जहाजावरच्या एकाही माणसाला यात बोल लागणार नाही. बंदरात गेल्यावर त्यांनी वर लेखी दिलं तेही हेच, असं कार्यालयातला आमचा एक दोस्त सांगायचा. पुढे त्यांच्या बरोबरीच्यांना बढती मिळाली, साहेब तीन वर्षं होते तिथंच राहिले. मेसमध्ये सगळे म्हणायचे, त्या पाण्यापायी. मी खाली मान घालून जेवायचो.

काही वर्षांनी पूर्व किनाऱ्यावर मोठं वादळ आलं. साहेबांना उशिरा का होईना बढती मिळाली होती, आणि नशिबानं मी पुन्हा त्यांच्याच जहाजावर होतो. किनाऱ्यावरच्या विहिरींत समुद्र शिरला होता, प्यायला थेंब नव्हता. साहेबांनी जहाजावरच्या आंघोळी बंद केल्या आणि सगळं गोडं पाणी होड्यांतून किनाऱ्यावर काढलं. स्वतः पँट दुमडून चिखलात उतरले. एवढा मोठा अधिकारी कॅन उचलतोय म्हणून आमचे तरुण अधिकारी कानकोंडे झाले होते. बायांची रांग लागली होती, आणि रांगेत ढकलाढकली. साहेबांनी भांडी लहान-मोठी लावून घेतली, म्हातारीची घागर पुढे घेतली आणि शेवटचं भांडं भरेपर्यंत तिथून हलले नाहीत. त्या लोकांची भाषा आम्हाला येत नव्हती, तरी कुणाला काही विचारावं लागलं नाही.

मी पाईप धरून उभा होतो. साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "कन्नड, आपल्या गल्लीत उभं ऱ्हायल्यावानी वाटतंय का रं?" मी 'व्हय साहेब' म्हणालो. त्याच वेळी सांगून टाकावं असं फार मनात आलं. पण समोर दोनशे भांडी होती, आणि खरं सांगायचं तर ती नसती तरी माझी हिंमत झाली नसती.

साहेब पुढे रिअर ॲडमिरल झाले. पेपरात फोटो आला तो मी कापून पेटीत ठेवला. माझी पंधरा वर्षं झाल्यावर मी बाहेर पडलो आणि विशाखापट्टणमलाच राहिलो, जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरी धरली. बायको सिल्लोडची, पण मुलगी इथंच जन्मली. तिला मराठी कळतं, बोलते दक्खनी, आणि भांडते तेलुगूत. आमच्या वस्तीत नळाला रोज पाणी असतं. तरी मी सकाळी उठून दोन बादल्या आणि अब्बांचा लोटा भरून ठेवतो. मुलगी "नीळ्ळु वच्चायि, अब्बा!" असं ओरडून माझी चेष्टा करते. पाणी आलंय, अब्बा, पळा! तिला काय सांगू की एकदा याच सवयीनं मी एका भल्या माणसाची तीन वर्षं खाल्ली.

अब्बा गेले त्याला बराच काळ झाला. या वर्षी अम्मीला बघायला कन्नडला जायचं ठरलं, तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, आधी साहेब. निवृत्तीनंतर मोठ्या शहरात फ्लॅट न घेता ते गावीच परतलेत, चिकलठाण्याच्या अलीकडे एका नव्या वस्तीत, हे कळलं होतं. सगळं ऐकून त्यांनी हाकलून दिलं तर निघून यायचीही तयारी मी ठेवली होती. मिठाईचा बॉक्स घेतला, इस्त्रीची पँट घातली. रिक्षातून उतरलो तर सगळ्या गल्लीत घरघर चालू. आठ दिवसांनी पाणी आलं होतं, आणि ज्याच्या त्याच्या नळाला टिल्लू मोटर.

एका फाटकात एक पांढऱ्या केसांचा माणूस, बनियन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाईप. मी ताठ होऊन सॅल्यूट केला. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं.

"कन्नड? आरं, बऱ्या टायमाला आलास. धर पाईप."

मिठाई साहेबांच्या बायकोच्या, काकूंच्या हातात गेली आणि मी पिंपापाशी. साहेबांच्या नळाला मोटर नव्हती, धार बारीक होती. मी विचारलं, तर म्हणाले, "मोटर लावली की पुढच्या घराचं पाणी वढलं जातं. लागू दे येळ." आतून काकू म्हणाल्या, "बघा हो, ॲडमिरलच्या घरात करंगळीएवढी धार." साहेब हसले.

पिंप अर्ध्यावर आलं तेव्हा मी बोललो. मान वर न करता सगळं सांगितलं. पहिला डबा, मेस, शेजारची मेस, शिळं पाणी. म्हणालो, "साहेब, तुमची बढती माझ्यामुळं लांबली."

साहेब एक रिकामी बादली पिंपाशेजारी सरकवत म्हणाले, "बढतीचं सोड, त्याला शंभर कारणं असत्यात. तुला एक सांगतो, हे काकूलाबी ठावं नाय. इंजिनिअर माझ्या केबिनमधी आकडा घिऊन आला. सर, पाणी कुटं जातंय कळंना. मी आत गेलो त्वांड धुवाया. आन माझ्याच बाथरूममधी दोन बादल्या, काठोकाठ. हुकूम म्या काढला, आन पहिल्या सकाळी नळ आला तवा म्याच भरून ठिवल्या. ध्यानातबी नव्हतं. मग मी कुनाच्या बंकाखाली बघाया जाऊ? कुन्या तोंडानं?"

माझ्या हातातला पाईप पिंपाबाहेर गेला. त्यांनी तो धरून परत आत घातला.

सव्वीस-सत्तावीस वर्षं मी त्यांना मोठं समजत होतो ते आमचं पाप पोटात घातलं म्हणून. त्यांनी तर लाउडस्पीकरवर फक्त खरं सांगितलं होतं. दोन बादल्यांसाठी! कुणी पाहिल्या नसत्या, कुणी विचारलं नसतं. माझ्या मनात ते त्या क्षणी आणखी मोठे झाले.

"मग त्या बादल्यांचं काय केलं साहेब?"

"काय करनार? बंदर येईस्तोवर त्याच पाण्यात भागवलं. केबिनच्या नळाला हात लावला नाय." मग सहज विचारलं, "तुझ्या डब्यांचं?"

हे सांगायचं राहिलंच होतं. मी म्हणालो, "ओतले साहेब. मोरीत. अठराच्या अठरा."

साहेबांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्यांना चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. "वतलं?" ते म्हणाले. "कन्नडचा असून पानी वतलं?" दोन वेळा म्हणाले. बाकी सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं होतं, हे मात्र त्यांना पचलं नाही. मला वाटलं आता खरंच फाटकाबाहेर काढतात. मी सावधान उभा राहिलो, जहाजावर शिक्षा ऐकताना राहायचो तसा.

साहेबांनी वरच्या मजल्याकडे बोट केलं. तिथं एक बाई एकट्या राहतात, गुडघ्यांनी अधू, आणि बारीक धार वर चढत नाही. "अठरा बादल्या," साहेब म्हणाले. "जिन्यानं. एकबी थेंब सांडायचा नाय."

मी अठरा बादल्या चढवल्या. साहेब खाली नळापाशी बसून मोठ्यानं मोजत होते. बाराव्या बादलीला काकू म्हणाल्या, पुरे हो आता, पन्नाशीला आलाय तो. साहेब म्हणाले, "शिक्षा हाय, मधी बोलू नका." अठरावी चढवून खाली आलो आणि पाणी गेलं. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, "सुटलास." मग आम्ही पायरीवर बसून चहा घेतला आणि त्यांनी मला केरळच्या त्या पोराची, पंजाबच्या त्या पोराची खबर विचारली. नावानिशी.

कन्नडला पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. अम्मी दारातच बसली होती. पँट वाटेत वाळली होती, पण गुडघ्यापर्यंत पाण्याची पांढरी रेघ उठली होती आणि बूट चिखलानं भरले होते. विशाखापट्टणमला असा घरी आलो असतो तर बायकोनं दहा प्रश्न विचारले असते, यार्डातल्या माणसांनी वीस. अम्मीनं मला वरून खालपर्यंत बघितलं आणि एवढंच विचारलं, "पानी आया था क्या वहां?"

मी म्हणालो, "हौ अम्मी. इसीलिए देर हुई." तिनं मान हलवली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही, आणि ती स्टँडवर का आली नव्हती हे मलाही कधी विचारावंसं वाटणार नाही. ओल्या पँटीचं कारण जिथं सांगावं लागत नाही तेच माझं घर, मग ते कन्नडला असो नाहीतर चिकलठाण्याच्या अलीकडे. मी सोबत आणलेला अब्बांचा लोटा भरला आणि तिच्याशेजारी बसलो.